आधीच्या फोटोत हसायचं नाही

हेमचंद्र राजवाडे यांच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या घरात एकही भाडेकरू राहत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हेमूकाका स्वतःच ते सगळ्यांना, कुणी न विचारता, सांगत असतात. त्यांच्या बेसमेंटमध्ये पाच जण राहतात, ते पाहुणे. आता कुठले पाहुणे दर महिन्याला यजमानाच्या खात्यात पैसे टाकतात, असले खवचट प्रश्न विचारू नयेत. टाउनशिपच्या कायद्यात भाडेकरू बसत नव्हते, मराठी आदरातिथ्यात पाहुणे बसत होते. काकांनी कायद्यापेक्षा संस्कृती मोठी मानली, एवढंच.

पाहुण्यांना पढवून ठेवलेलं होतं. कुणी गोरा माणूस हातात क्लिपबोर्ड घेऊन आला आणि विचारलं, ‘हे तुमचे कोण?’ तर सरळ ‘काका’ म्हणायचं. त्यात खोटं काही नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाला काका म्हणायचीच सवय सगळ्यांना.

बेसमेंट म्हणजे एक मोठा हॉल होता, त्याच्या ड्रायवॉलच्या पातळ भिंती घालून पाच खोल्या केलेल्या. वर जायला एकच जिना. तो काकूंच्या स्वयंपाकघरात निघायचा आणि तिथल्या दाराला कडी स्वयंपाकघराच्या बाजूनं. खिडकी? अहो, बेसमेंटला कसली आलीय खिडकी! बॉयलरच्या शेजारच्या खोलीत नागपूरची संघमित्रा रामटेके राहायची. जवळच्या विद्यापीठात मास्टर्स करत होती. गाडी नाही, चालत जाता येईल अशी दुसरी खोली नाही, त्यामुळे बॉयलरची घरघर ऐकत गपगुमान राहिली होती. आईनं बांधून दिलेला पोपटांचा पिवळा पडदा तिनं बिछान्यामागच्या कोऱ्या भिंतीवर लावला आणि त्याच्या पाठीमागे एक दिवा ठेवला. व्हिडिओ कॉलवर बघणाऱ्याला वाटावं, खिडकीतून ऊन येतंय. काकांना ती आयडिया भलतीच आवडली होती. “वा! क्रिएटिव्ह आहेस हं पोरी,” असं म्हणून त्यांनी पडद्याचं कौतुक केलं आणि खिडकीचा विषय मिटला असं धरून चालले.

तो मिटला नव्हता. सप्टेंबरात एका दुपारी आभाळ फाटलं. काका-काकू वाणसामान आणायला शेजारच्या एडिसन गावाला गेले होते, आणि जाताना काकूंनी सवयीनं कडी घातलेली. खाली पाणी आलं, आधी तळव्याला, मग घोट्याला, मग नडगीला. पाचही जण जिन्यावर दाटीवाटीनं उभे राहून दार बडवत होते. खाली फोनला रेंज कधी येते, कधी येत नाही; त्या दुपारी नव्हतीच. अखेर शेजारच्या प्रीताला आरडाओरडा ऐकू गेला आणि तिच्याकडच्या किल्लीनं ती आत शिरली. दार उघडलं तेव्हा संघमित्रा सगळ्यात खालच्या पायरीवर होती, कारण तिनं बाकीच्यांना वर ढकललं होतं. ती रडली नाही. पण त्या दिवसापासून तिला झोप लागेना. डोळे मिटले की दार बंद दिसायचं.

काका परत आल्यावर म्हणाले, “अरे, एक फोन नाही का करायचा?”

त्यानंतर पाहुण्यांनी काकांच्या भरवशावर राहणं सोडलं. प्रीताच्या बेसमेंटमध्येही तसलेच ‘पाहुणे’ होते. दोन्ही घरच्या पोरांनी मिळून मागच्या अंगणात चर खणला, त्यात खडी भरली, पाणी उपसायचा पंप आणला, पलंगांखाली विटा लावल्या. पिठलं-भात प्रीताकडे, चहा काकूंकडून, तोही काकांना न सांगता. काका वरच्या खिडकीतून बघत होते. हो, वर आठ खिडक्या होत्या.

संघमित्रानं मग एकच गोष्ट मागितली. “काका, माझ्या खोलीत एक खिडकी काढू या. माणूस बाहेर पडू शकेल एवढी. खणायचं काम आम्हीच करू.”

“अगं, तुला कळत कसं नाही? खिडकी म्हटली की परवाना आला. परवाना म्हटला की इन्स्पेक्टर. आणि इन्स्पेक्टर म्हणणार, खाली कोण राहतं?”

“पाहुणे,” संघमित्रा म्हणाली.

काका तरातरा आपल्या आठ खिडक्यांकडे निघून गेले.

आता गंमत ऐका. हेच हेमूकाका अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या ‘घर तिथं खिडकी’ या प्रकल्पाचे प्रमुख होते! नागपूरच्या एका वस्तीत पाठीला पाठ लावून उभी असलेली घरं, आत ना वारा ना उजेड. तिथल्या लोकांनीच एकत्र बसून ठरवलं होतं, की एकमेकांच्या भिंती फोडून प्रत्येक घराला खिडकी काढायची. कुणाची खिडकी कुणाच्या बोळात उघडेल यावर भांडणं झाली, समेट झाले. कुणी आपला पाण्याचा ड्रम हलवला, कुणी ओटा कापला. रविवारी सगळी वस्ती एका घरावर तुटून पडायची. वस्ती समितीचे अध्यक्ष होते सुभाष रामटेके, म्हणजे संघमित्राचे वडील. तिनंच मंडळाला ही वस्ती सुचवली होती. मंडळ चौकटी आणि झडपा पुरवत होतं, आणि काका मार्गदर्शन पुरवत होते.

मार्गदर्शन म्हणजे फोटो. प्रत्येक खिडकीचे दोन फोटो हवेत, एक आधीचा, एक नंतरचा, भिंतीपुढे घरमालक उभा. पहिल्या खेपेला वस्तीतल्या बायका छान केस विंचरून, हसून उभ्या राहिल्या, तर काकांनी सगळे फोटो परत पाठवले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी समजावलं, “हे पाहा, आधीच्या फोटोत हसायचं नाही. हसायचं ते नंतरच्या फोटोत. देणगीदारांना फरक दिसला पाहिजे.” सुभाषभाऊंनी मान हलवली. त्या दिवसापासून वस्तीत फोटोची वेळ आली की पोरं ओरडायची, “ए, हसू नको, आधीचा आहे!”

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी शेवटच्या खिडकीचं उद्घाटन ठेवलं होतं. तिकडे संध्याकाळ, वस्ती सतरंज्या टाकून बसलेली. इकडे शॉमबर्गचे विश्वस्त, रेडमंडचे देणगीदार, अमेरिकाभरातून सगळे स्क्रीनवर आपापल्या चौकोनात. काकांनी रेशमी झब्बा घातला होता. “आज पिस्कॅटवेत धो धो पाऊस आहे, पण मनात मात्र ऊन आहे,” अशी त्यांनी सुरुवात केली. हवामानाचा अंदाज बघून कालपासून आरशापुढे तेच घोकत होते.

भाषण झाल्यावर काकांनी हुकमाचा पत्ता काढला. संघमित्राला वर बोलावून शेजारी बसवलं. बाप-लेकीची भेट! देणगीदारांचे डोळे पाणावणार, यात शंका नव्हती.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम, बाई. बरी आहेस ना? वाळली तू.” सुभाषभाऊंनी तिला नीट न्याहाळलं. मग ते काकांकडे वळले. “हेमचंद्रभाऊ, आमच्या घराघरातल्या खिडक्या तुम्ही पाह्यल्या. आता आमच्या पोरीची खोली दाखवा एकडाव. अख्खी वस्ती पाहणार आहे.”

काका घाईघाईनं म्हणाले, “नंतर कधीतरी... खाली जरा पसारा आहे...”

“दाखवा की, काका!” रेडमंडहून कुणीतरी म्हणालं. शॉमबर्गच्या विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. काका फोन घेऊन जिना उतरले, मागे संघमित्रा, तिच्यामागे अहिल्याकाकू. काकूंना कुणी बोलावलं नव्हतं.

खोलीत पोपट झगझगत होते. काकांनी झटपट फोन पडद्याकडे धरला. “ही बघा! किती प्रसन्न खोली!”

वस्तीतून कौतुकाचा आवाज उठला. सुभाषभाऊ खूश झाले. “पडदा सारा न भाऊ. खिडकीतून काय दिसते, ते पाहू द्या आमच्या लोकायले.”

“नको, ऊन फार आहे. डोळ्यांवर येतं.”

तेवढ्यात एका चौकोनातून प्रीताचा आवाज आला, “काका, ऊन कुठलं? मी शेजारीच आहे, इथे पाऊस कोसळतोय!”

काका हसले. अगदी ओशाळं, ओढूनताणून. त्यांनी संघमित्राकडे पाहिलं, सांभाळून घे गं, अशा नजरेनं. इतके दिवस तिनं सांभाळूनच घेतलं होतं. आज ती बाजूला सरकली.

पुढे झाल्या त्या काकू. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” एवढंच पुटपुटल्या आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला ओढला. “पाषाण तरी कोरडा कुठाय मेला!”

मागे टेबललॅम्प होता आणि सिमेंटची भिंत. भिंतीवर गुडघ्याच्या थोडं खाली पाण्याची तपकिरी रेघ.

“बाई,” सुभाषभाऊ हळूच म्हणाले, “काहून सांगितलं नाही तू मले?”

“तुम्ही झोपले नसते, बाबा.”

“अन् तू झोपत होतीस?”

यावर तिला रडू फुटलं. सप्टेंबरातलं राहिलेलं सगळं रडू. काकूंनी तिला पोटाशी धरलं. काकांना फोन कुठं धरावा ते कळेना. माणूस वाईट नव्हता हो. फक्त इतकी वर्षं त्याचं घर ज्या भिंतीवर उभं होतं, ती त्यानं कधी समोरून पाहिली नव्हती.

तिकडे सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. बायकांनी डोकी जवळ आणली, कुणीतरी हात वर केला, मग सगळ्यांनीच. तिथे असे ठराव व्हायला वेळ लागत नसे. सुभाषभाऊंनी डोळे पुसले आणि घसा साफ केला. आवाज आता अध्यक्षांचा होता.

“भाऊ, समितीनं ठरवलं. आमची शेवटची खिडकी अजून व्हायची आहे. ती तुमच्याकडं काढायची. खणायले तिथली पोरं आहेत, परवाना तुम्ही आणा. अन् इन्स्पेक्टरनं विचारलं, की खाली कोण राहते, तर सांगा, माझी पुतणी राहते. पोरगी तुम्हाले काकाच म्हणते न? मंग व्हा काका.”

काकांनी मान हलवली. चौकोनांतून सगळी अमेरिका बघत होती. म्हणून त्यांनी सवयीनं तेच केलं, जे कॅमेऱ्यापुढे नेहमी करायचे. झब्बा नीट केला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

“तिथंच थांबा, भाऊ. भिंतीपुढंच,” सुभाषभाऊ म्हणाले. “संघमित्रा, फोन घे हातात. फोटो काढ.”

तिनं नाक पुसलं, काकांच्या हातातून फोन घेतला आणि दोन पावलं मागे सरकली. तेवढ्यात नागपूरहून पोरांचा एकच गलका उठला:

“ओ काका, हसू नका! आधीचा आहे!”