आमच्यात ये

परवा दवाखान्याच्या बाकावर एका बाईने शेजारच्या अनोळखी, रडवेल्या मुलीचा हात नुसता धरून ठेवला होता. ते पाहिलं आणि मला जनामावशी आठवली.

समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी मी तेव्हा एका कोळीवाड्यात राहत होते. लोकांत राहून, त्यांच्याबरोबर काम करत त्यांचं जगणं समजून घ्यायचं, याला आमच्याकडे सहभागी निरीक्षण म्हणतात. तिथल्या जनामावशीबरोबर मी मासळी वाळत घालत असे, पण माझी नजर पाहुणीचीच होती.

एका सकाळी वारा पिसाळला आणि तिच्या मुलाची होडी परतली नाही. बायका किनाऱ्यावर जमल्या. त्यांच्याकडे अशा वेळी बघत राहणंही मला बरं वाटेना, म्हणून मी लांब उभी राहिले.

जनामावशी चालत माझ्यापाशी आली. “एकटी कशाला उभी गो? आमच्यात ये,” म्हणाली आणि माझा हात तिने सोडलाच नाही.

दुपारी होडी दिसली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले. मावशी रडता रडता हसली. “आला गो तुझा भाऊ!”

घरी मी एकुलती एक. भाऊ सुखरूप परतल्याचा आनंद मला तिने स्वतःच्या वाट्यातून दिला.