खडक कुठे आहे ते विचारू नका

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. आठवडाभर कामोठ्यात क्लासची पोरं हाकून रविवारी पाय पसरून पडावं, एवढीच इच्छा होती. पण दारावर मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशी ऐकेनात. "बाय, समुद्राच्या नकाशाची शेवटची मीटिंग हाय आमचे गावान. साहेब लोक काय बोलतान ते आमाला कलत नाय. चला माझेसंगती." मला नाही म्हणायला जमत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तिकडे जाणार असाल तर उलव्यापर्यंत बस मिळते, पुढे शेअर रिक्षा. सकाळी लवकर निघा, नंतर डंपरची रांग लागते. नाकाला ओढणी बांधा, नाहीतर माझ्यासारखी धूळ खाल. बघावं तिथे इमारतींचे सांगाडे. मग एकदम रस्ता संपतो, वाळत घातलेली सुकट दिसते आणि खाडीचा वास येतो. तिथे पोचल्यावर जरा बरं वाटलं.

मावशींकडे तांदळाची भाकरी आणि जवळा झाला. झोप अनावर होत होती, पण शाळेत सगळे जमले होते. चेहरे दमलेले. अशा किती बैठका झाल्या, हे मोजणं गावानं केव्हाच सोडलं होतं. खाडीत नवी जेट्टी यायची आहे, त्याआधी कुठलं पाणी कशासाठी राखायचं ते ठरत होतं. सरकारी कचेरीतून नकाशा घेऊन आलेली मुलगी मात्र मनानं चांगली होती. "नुसती मासेमारी नाही, तुमच्या देवाधर्माच्या जागाही घ्यायच्यात. नकाशावर येतील त्या जागा सोडून जेट्टी होईल," ती म्हणाली.

जाळी कुठे लावतात, होड्या कुठे ओढतात, ते लोकांनी बोट ठेवून भराभर दाखवलं. मग तिनं खाडीतला देवीचा खडक कुठे आहे ते विचारलं. एकही बोट पुढे आलं नाही. दोन-चार हनुवट्या तेवढ्या खाडीकडे वळल्या.

"त्या खडकाला बोट दाखवाचा नाय," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या. वेलावरच्या कोवळ्या दोडक्याला बोट दाखवलं की तो कुजतो म्हणतात ना, तसंच. होडीतून जाताना मान खाली घालायची, तिथे जाळं टाकायचं नाही, आणि बोट तर मुळीच नाही. कागदावरसुद्धा नाही.

मी म्हटलं, जागा मला सांगा, बोट मी ठेवते. मुलगी ओशाळली. "गावातल्याच कुणीतरी दाखवायला हवं, ताई. नाहीतर मला तिथे मोकळं पाणी लिहावं लागेल."

मोकळं पाणी! माझं डोकंच फिरलं. पण तिच्यावर ओरडून काय होणार होतं?

मावशी उठल्या. त्यांनी मूठ वळली आणि नकाशावर ठेवली. अर्धी खाडी झाकली गेली. हशा पिकला, मुलगीही हसली. "मावशी, एवढं नाही हो घेता येणार."

मावशींनी मूठ हलवली नाही. मग हळूहळू त्यातलं एक बोट बाहेर आलं आणि कागदावर टेकलं. हसणं थांबलं. मुलीनं तिथे लाल ठिपका काढला. चुकून बोट दाखवलंच तर ते चावायचं असतं, तसं मावशींनी ते बोट दातांत धरलं आणि तशाच बाहेर गेल्या.

घरी आले तेव्हा अंग ठणकत होतं. आनंद व्हायला हवा होता, पण नुसता थकवाच आला होता.

काही दिवसांनी मावशी बोंबील घेऊन आल्या. खडक नकाशात राहिला, जेट्टीची रेघ बाजूला सरकली, असं त्यांनीच सांगितलं.

"चांगलं झालं ना मग?"

"झाला चांगला. पन आता बारकी पोरा तिकरं बोट दाखवतान. ओरडली तं म्हनतान, आजी, तूच तं दाखवलंस."

मी बोंबील घेतले.

माझ्या प्रत्येक पोस्टखाली ठिकाणाचा नकाशा असतो. ह्या वेळी तो नाही, गावाचं नावही मुद्दामच लिहिलेलं नाही. कमेंटमध्ये विचारलंत तरी मी दाखवणार नाही.