फोटोतला पिवळेपणा

तिन्ही फोटोंत साडी एकच होती आणि तिन्हींत तिचा रंग वेगळा आला होता. एकात निळी, दुसऱ्यात जांभळी, तिसऱ्यात राखाडीकडे झुकलेली. मेधाताईंनी प्रिंट्स काउंटरवर ओळीने मांडल्या. मग पिशवीतून घडी घातलेली साडीच काढून शेजारी ठेवली.

"ही ती. आईची चंदेरी. वांग्याच्या रंगाची आहे ना? आता तुम्हीच सांगा नीलिमाताई, यातली कुठली ही?"

एकही नव्हती.

मेधाताई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. माधवगंजात राहायच्या, शाळेत शिकवायच्या. आमची छोटी फोटो लॅब पाटणकर बाजारात होती तेव्हा त्या चालत यायच्या. आता त्यांना सवारीच्या टेम्पोत दाटीवाटीने बसून बिर्ला नगरपर्यंत यावं लागलं होतं, कारण आमच्या लॅबचं तिथल्या एका मोठ्या लॅबमध्ये विलीनीकरण झालं होतं. हा शब्द मालकांचा. माझ्या वडिलांच्या तोंडी तो आमच्या शहराच्या जुन्या संस्थानाबद्दल असायचा. विलीनीकरण झालं, पुढे राज्याची पुनर्रचना झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आमचे काकाही गेले. त्यामुळे घरात तो शब्द कुणी आनंदाने उच्चारत नसे.

लॅबच्या विलीनीकरणात मी, माझा मॉनिटर आणि आमचं जुनं प्रिंटिंग मशीन असे तिघे बिर्ला नगरला आलो. तिथे त्यांचं नवं मशीन होतंच. एकच फाइल दोन्हींवर छापली तर दोन वेगळे फोटो निघायचे. जुनं थोडं लालसर छापायचं, नवं थोडं निळसर. त्या दोघांचं जुळवून देणं हे माझं काम.

मी कलर करेक्शन करायची. ते काय असतं, थोडक्यात सांगते. आपला डोळा उजेडाशी जुळवून घेतो. ट्यूबलाइट असो की खिडकीतलं ऊन, पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. समोरचं पांढरं काय असेल याचा तो अंदाज करतो आणि त्यावरून बाकीचे रंग ठरवतो. अंदाज चुकला की सगळ्या फोटोवर एखाद्या रंगाची झाक येते. त्या झाकेला आम्ही कास्ट म्हणायचो. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा, दुसरी चूक. ती झाक काढायची आणि सगळे फोटो एकाच दिवशी, एकाच घरात काढल्यासारखे दिसतील असं करायचं. फोटोंना रंग लावण्यापेक्षा रंग उतरवण्याचंच काम जास्त.

मेधाताईंचे फोटो खरोखरच एकाच दिवशी, एकाच घरात काढलेले होते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. काही त्यांच्या यजमानांच्या कॅमेऱ्यातून, काही भाचीच्या फोनवरून, काही शेजारणीच्या जुन्या फोनवरून. मध्ये आई खुर्चीत बसलेली, हातात पन्ह्याचा पेला. आई आषाढात गेली. कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं आणि निघाला पित्ताशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. हळदीकुंकवाचे हेच तिचे शेवटचे चांगले फोटो.

अल्बम धाकट्या बहिणीसाठी होता. शुभा कॅनडात. तिचे तिथे राहण्याचे कागद अडकलेले. बाहेर पडली असती तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती. आईला ती कित्येक वर्षं प्रत्यक्ष भेटली नव्हती आणि शेवटालाही पोचू शकली नाही.

"तिने एकच मागितलंय," मेधाताई म्हणाल्या. "म्हणाली, ताई, सजवून-बिजवून नको. आई जशी होती तशी पाठव. आणि तुम्ही बघा तर, एका पानावर निळी, एकावर जांभळी! तिला वाटेल तीन दिवसांचे फोटो आहेत."

मग खाली बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "आमचं बोलणं फारसं नाही सध्या. ती म्हणते, तू रोज बघत होतीस, तुला कसं नाही कळलं. वही एक बात, प्रत्येक फोनवर. हा अल्बम गेला तर कदाचित..."

मी साडी ठेवून घेतली.

आमच्याच लॅबमधून निघालेल्या पहिल्या प्रिंट्स बिघडल्या कशा ते शोधायला वेळ लागला नाही. नव्या लॅबचा नियम होता, सगळं ऑटोवर. ऑटोमध्ये मशीन आधी चेहरा शोधतं. चेहरा फार पिवळा वाटला तर सगळ्या फोटोतला पिवळा कमी करतं. पिवळा कमी केला की निळा वाढतो. हे तराजूसारखं असतं, एक पारडं उचललं की दुसरं खाली जातं. म्हणून चेहरा ठीक आला आणि वांगी साडी निळी झाली. प्रत्येक फोटोत चेहऱ्याचा आकार कमीजास्त, म्हणून पिवळाही कमीजास्त काढला गेला. तीन फोटो, तीन साड्या.

मी ऑटो बंद केलं. मॉनिटर तपासून घेतला. त्यासाठी एक छोटं यंत्र पडद्यावर लटकवतात, ते पडद्याचे रंग मोजतं. मग साडी पांढऱ्या दिव्याखाली पसरली आणि तिच्यावरून पहिला फोटो जुळवायला घेतला. हातात खरी वस्तू असणं हे आमच्या धंद्यात मोठं भाग्य. बहुतेक वेळा गिऱ्हाईक नुसतं म्हणतं, "असा नव्हता हो रंग."

साडी जमली. टेस्ट प्रिंट काढली, कापडाशेजारी धरली. पदराची जरसुद्धा जुळली. मागची भिंत पिस्ता रंगाची आली, पेला स्टीलचा दिसायला लागला. फक्त आईचा चेहरा पिवळा झाला.

मला वाटलं, खिडकी बाजूला असेल, उजेड पडद्यातून गाळून आला असेल. दुसरा फोटो घेतला, भाचीच्या फोनचा. तिथे आई दुसऱ्या बाजूला, दारापाशी उभी. साडी जुळवली. चेहरा पिवळा. तिसरा फोटो, तेच. हळदीकुंकू आहे, हळद लागली असेल, असंही मनात आलं. पण हळद कपाळाला लागते, हाताला लागते. डोळ्यांत जात नाही.

डोळे मी शेवटी पाहिले. यजमानांच्या कॅमेऱ्यातला एक फोटो जवळून काढलेला होता. मेधाताई आईच्या खांद्यावर हात ठेवून बसलेल्या, दोघींचे चेहरे शेजारी शेजारी. मी तो मोठा केला. मेधाताईंच्या बुबुळांभोवतीचं पांढरं पांढरंच होतं. आईचं पिवळं.

म्हणजे ही कास्ट नव्हती. कॅमेऱ्याची चूक असती तर दोघींवर पडली असती.

मी माउसवरून हात काढला. मी काढायला निघाले होते तो पिवळेपणा फोटोचा नव्हताच, आईचा होता. चैत्रातच कावीळ डोळ्यांत उतरली होती आणि घरभर माणसं असताना कुणाला दिसली नव्हती. मेधाताईंना फोनवर जे ऐकावं लागत होतं, त्याचा पुरावा माझ्या पडद्यावर होता आणि तो मी त्यांच्याच पैशाने छापून कॅनडाला पाठवणार होते.

मॅनेजर अग्रवालजी मागून येऊन उभे राहिले.

"मॅडम, कितना टाइम? चेहरा साफ कर दीजिए, हो गया. साड़ी कौन देखता है?"

"सर, चेहरा असाच आहे. बीमार थीं वो."

"तो और भी साफ कीजिए. बीमार आदमी का फोटो किसको चाहिए?"

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. शंभरातली नव्याण्णव गिऱ्हाइकं तेच मागतात. आणि ते अवघडही नव्हतं. फक्त चेहरा आणि डोळे निवडायचे, तेवढ्यातला पिवळा उतरवायचा. साडी खरी, भिंत खरी, आई तेवढी बरी. कुणाला कळलं नसतं.

मी दोन प्रिंट्स काढल्या. एक बरी, एक खरी. आणि मेधाताईंना फोन करून बोलावलं.

त्या आल्या आणि आधी बऱ्या प्रिंटकडेच त्यांचा हात गेला. "वा! आत्ता बिलकुल साडीसारखी साडी आली," म्हणाल्या. मग दुसरी उचलली. "आणि ही? हिच्यात आई पिवळी का?"

"पहिलीत मी आईंचा चेहरा वेगळा दुरुस्त केलाय. ही दुरुस्त न केलेली."

"पण हा उजेडाचा आहे ना पिवळा? त्या दिवशी पडदे लावलेले होते. ऊन किती होतं."

"मेधाताई, मी डॉक्टर नाही. रंगाचं तेवढं सांगते. उजेडाचा असता तर तुमच्यावरही आला असता. तुम्ही शेजारीच बसलायत."

मी पडद्यावर तो जवळचा फोटो उघडला. त्यांनी बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आम्ही डॉक्टरकडे गेलो ते त्यानंतर महिन्याने," त्या म्हणाल्या.

मी फोटो पडद्यावर तसाच उघडा ठेवला.

"दुपारी ती मला म्हणाली होती. मेधा, मी दमलेली दिसतेय का गं? मी डाळ वाटत होते. मान वर न करता म्हटलं, ऊन आहे, पाणी पी." त्यांनी प्रिंट उलटी ठेवली. "शुभाला हे नको पाठवू या. ती बरी वालीच करा सगळी."

"करते."

"चेहरा दुरुस्त केलाय हे पुढे कुणाला कळणार तर नाही ना?"

"नाही. कळणार नाही कुणाला."

त्या दोन्ही प्रिंट्स घेऊन गेल्या. मी बाकीच्या फोटोंतले चेहरे निवडायला घेतले. काम सरळ होतं. एकेक फोटोत आई बरी होत जात होती आणि मला माझी आई आठवत होती. तीही गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या चेहऱ्याचा नेमका रंग मला आज कुणी विचारला तर सांगता येणार नाही. मी आयुष्यभर लोकांच्या आयांचे रंग जुळवले. माझ्याकडे तिचे फोटो आहेत ते कृष्णधवल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं शटर वर होतंय तोच मेधाताई दारात. रात्री झोपल्या नसाव्यात.

"नीलिमाताई, छापून झाले का?"

"नाही अजून."

"मग राहू द्या. खरी वालीच छापा." त्या बाकावर बसल्या. "मी काल दोन्ही देवापाशी ठेवून बघत होते. बरी आहे ना, ती छान आहे. पण ती आईसारखी कुणीतरी आहे. मला त्या दिवशीची आई पाहिजे. मी तेव्हा नाही बघितली, आता तरी बघते. आणि शुभाने जशी होती तशी मागितलीय. ती बोलेल मला. बोलू दे. पण तिला खोटी आई पाठवून मी काय करू?"

"नक्की ना?"

"नक्की. लवकर करा, नाहीतर मी पुन्हा बदलेन."

मी सगळे फोटो एकाच मशीनवर घेतले, आमच्या जुन्यावर. अग्रवालजींना लग्नाच्या ऑर्डरसाठी ते रिकामं हवं होतं. म्हणाले, "आधा इस पे, आधा उस पे निकाल दीजिए." मी म्हटलं, "सर, अर्ध्या पानांवर आई जास्त आजारी दिसेल, अर्ध्यांवर कमी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अल्बमच्या पहिल्या पानाकडे. "निकालिए," म्हणाले आणि लग्नवाल्यांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं.

शेवटचं पान निघालं तेव्हा सगळी पानं टेबलावर पसरून पाहिली. तीन कॅमेरे होते हे ओळखू येत नव्हतं. एक घर, एक दुपार, एक वांगी साडी. आणि तिच्या वर तो चेहरा, सगळ्या पानांवर सारखाच पिवळा आणि सारखाच हसरा. धंद्याच्या हिशेबाने माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चोख काम असावं. मला ते पुन्हा पाहावंसं मात्र वाटलं नाही.

पार्सल गेलं. मग बरेच दिवस मेधाताई आल्या नाहीत. मी फोन लावायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. काय विचारणार?

दिवाळीच्या आधी त्या आल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो घेऊन. ते काउंटरवर ठेवले आणि माझा हात धरला.

"शुभाचा फोन आला होता. अल्बम मिळाल्यावर आठवडाभर काही बोललीच नाही. मी म्हटलं, संपलं आता. मग एका सकाळी फोन. मला वाटलं, ओरडेल. ती रडत होती. म्हणाली, ताई, हा पिवळेपणा मी पाहिला होता."

"म्हणजे?"

"चैत्रगौरीच्या दिवशी आम्ही तिला व्हिडिओ कॉल लावला होता, आरास दाखवायला. आई बोलली तिच्याशी. तेव्हा तिला आई पिवळी दिसली होती. ती म्हणाली, मला वाटलं, तुमच्याकडचा दिवा तसा आहे. मी विचारलं पण नाही."

मागे लग्नाच्या प्रिंट्स निघत होत्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दोन तास बोललो. इतक्या वर्षांत नव्हतो बोललो इतकं. आईबद्दलच. आता ती रोज करते फोन. कधी कधी मलाच जांभई येते." त्या हसल्या आणि डोळे पुसले. "कागद झाले की येते म्हणालीय. केव्हा होतील देव जाणे."

मी तिथे आणखी काही वर्षं काम केलं. दोन्ही मशीनं काही पुरती जुळली नाहीत, पण दोघांच्या फोटोंतला फरक गिऱ्हाइकाला कळणार नाही इथपर्यंत आणली. नंतर जुनं विकलं आणि पुढे मीही निवृत्त झाले. या प्रसंगातून धंद्यापुरतं एक शिकले. फोटोतला रंग चुकला असं ठरवण्याआधी त्याच फोटोतल्या शेजारच्या माणसाकडे बघायचं. तो ठीक असेल तर चूक कॅमेऱ्याची नाही.

त्यानंतर कुणी काउंटरवर येऊन म्हणालं, "मॅडम, आमच्या बाबांचा चेहरा जरा पिवळा आलाय, काढून टाका," तर मी आधी विचारायची, "बाबांची तब्येत कशी आहे?" बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटायचा. अग्रवालजी कपाळाला हात लावायचे. पण एखादा माणूस खिशातून फोन काढायचा आणि दुकानाबाहेर जाऊन घरी लावायचा.