लाल बॅगेवरचा पंजा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे.

जेद्दामध्ये एका अमेरिकन हँडबॅग ब्रँडच्या वितरकाकडे मी गुणवत्ता तपासनीस होते. चामड्याचे रसायनशास्त्र शिकलेली, सत्तावीस वर्षांची, घाईत असलेली. अमेरिकन बॅगांचे दुखणे मला लवकर उमगले: पॅरिस-मिलानच्या बड्या नावांची बॅग सेलमध्ये दिसत नाही, आमची दिसते, म्हणून श्रीमंत गिऱ्हाइकाच्या लेखी ती दुय्यम. मी टिपण लिहिले — न खपलेला माल स्वस्तात विकू नका, नष्ट करा. ते मंजूर झाले आणि कटर माझ्याच हाती आला.

चामडे फाडायला किती जोर लागतो, ठाऊक आहे? पाते खुपसायचे, खाली ओढायचे, अस्तर उपसून काढायचे. तीन दिवसांत हात बसला. आणि — खोटे कशाला बोलू? — मला ते आवडू लागले.

गोदामात सोबतीला रत्नागिरीकडचे इस्माईलभाई होते. परदेशींच्या जागी सौदी माणसे भरण्याच्या सरकारी धोरणात, म्हणजे सौदीकरणात, आम्हा दोन परदेशींपैकी एकालाच ठेवणार, हे दोघांनाही माहीत होते. बॅगा फाडण्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एका लाल बॅगेवर पंजा ठेवला.

"ही नको गो बाय. माझ्या लेकीला ऱ्हांव दे. आमच्या गावात कोन बघतंय तुझा ब्रँड?" ते हसत होते.

मी कटर चालवला.

दोन बोटे हाडापर्यंत उघडली. पाते घसरले, असे मी ओरडले. घसरले नव्हते. पंजा मला स्वच्छ दिसत होता. तो हटेपर्यंत थांबणे — एवढेच तर करायचे होते, नाही का?

अहवालात मी लिहिले: बॅग चोरताना झालेल्या झटापटीत कर्मचाऱ्याचा हात पात्याखाली आला. "कसली झटापट?" सौदी मॅनेजरने विचारले, तेव्हा इस्माईलभाई फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून एवढेच म्हणाले, "हिला विचारा." मी अहवाल पुढे केला.

आठवडाभरात त्यांना मायदेशी पाठवले. जेद्दातल्या शराफिया वस्तीतले ओळखीचे लोक हळहळले — सौदीकरणाने आणखी एकाचा घास घेतला. मी मान डोलावली.

माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढला. पुढच्या हंगामाच्या बॅगाही मीच फाडल्या.