समुद्रघोड्याचं जेवण

माझ्यावर आयुष्यात एकदाच घोडा सांभाळायची वेळ आली, आणि तो घोडा बोटभर लांबीचा होता.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. माझ्या बायकोचे मोठे भाऊ सुधीरदादा बदली होऊन इथे आले, ते काचेची भली मोठी पेटी घेऊनच. तिच्यात खारं पाणी, पोवळी, रंगीत मासे आणि एक समुद्रघोडा! (समुद्र इथून किती लांब आहे, हे त्या बिचाऱ्या माशांना कोणी सांगितलं नसावं.) पुढे दादा सहकुटुंब अमरावतीला लग्नाला निघाले आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले,

"बाकीचे मासे काही बी खातेत, जावईबापू. पण घोडा लई हळू खाते. आधी पाहते, मग विचार करते, मग खाते. तोवर बाकीचे साफ करून टाकतेत. उपाशी राहिला तर मरन तो!"

"काही चिंता करू नका," मी म्हणालो. (एखादी गोष्ट अजिबात येत नसली की मी हमखास असंच म्हणतो.)

संध्याकाळी मी आणि माझी बायको नलू दादांच्या क्वार्टरवर गेलो. बर्फ वितळवून त्यातले बारीक झिंगे पाण्यात सोडले. नारिंगी मासे असे तुटून पडले, जणू पंगत उठायला आली होती! घोड्यानं एका झिंग्याकडे पाहिलं. मान वाकडी केली. पुन्हा पाहिलं. तोवर झिंगा दुसऱ्याच्या पोटात!

"अरे, खा ना लवकर!" मी ओरडलो.

"त्याच्यावर काहून ओरडून राहिले?" नलू म्हणाली. "त्यानं ऐकलं तरी तो विचारच करन!"

मग नलूनं दुसऱ्या टोकाला काचेवर चमचा वाजवून माशांना बोलावलं. मासे जागचे हलले नाहीत. घोडा मात्र घाबरून दगडामागे!

शेवटी मी स्टुलावर चढलो. एका हातानं चहाची गाळणी आडवी धरून मासे अडवले आणि दुसऱ्या हातानं झिंगा घोड्यापुढे धरला. तो हळूच आला, माझ्या करंगळीला शेपटी गुंडाळली, विचार केला आणि गट्टम!

"खाल्ला! नलू, खाल्ला त्यानं!"

आनंदानं हात बाहेर काढू लागलो, तर घोडा करंगळी सोडेना.

"ओढू नका!" नलू किंचाळली. "शेपटी तुटली तर दादाले काय सांगू मी?"

झालं! हात कोपरापर्यंत पाण्यात, कंबर वाकलेली आणि पोटात कावळे. नलूनं तिथेच पोहे केले आणि मला भरवायला घेतले.

"मिरची काढ."

"काढली. आ करा."

"शेंगदाणे बी काढ ना. दातात अडकतेत."

नेमक्या तेव्हाच शेजारच्या साहूभाभी उघड्या दारातून आत आल्या.

"का होगे भैया ला?" मला काय झालं, असं त्यांनी छत्तीसगडीत विचारलं.

"घोड़े ने पकड़ लिया," मी घास चावत म्हणालो.

खरं तेच सांगितलं होतं, पण भाभी दोन पावलं मागे सरकल्या! मग नलूनं सगळी हकीकत सांगितली, तशा त्या तिथेच बसून माझं जेवण पाहत राहिल्या.

घोड्यानं मला सोडलं, तेव्हा पोहे संपले होते आणि माझी बोटं मनुकांसारखी झाली होती. दादा परत आले तेव्हा घोडा चांगला टुणटुणीत होता.

"लई नखरे केले असतीन ना त्यानं?" त्यांनी अंगणात विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून साहूभाभी म्हणाल्या, "घोड़े ने तो चुपचाप खा लिया, भैया. जमाई बाबू एक-एक मूंगफली निकलवा रहे थे!"

तेव्हापासून दादांकडे जेवायला गेलो की माझं ताट सगळ्यांत आधी वाढतात आणि माझं होईपर्यंत बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत बसवतात.