साळ्याच्या मोटारीच्या कमानी

लोखंडाला माणसासारखं आणि माणसाला पोत्यासारखं वागवणारा इसम उभ्या वऱ्हाडात माझ्या साळ्याशिवाय दुसरा झाला नाही. मी चौथी शिकलेला. पण त्याच्याबद्दल लिहायला शाळा लागत नाही. अकोला ते पातूर त्याची प्रवाशांची मोटार, एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडून जुनी घेतलेली. तिच्या मागच्या कमानी, म्हणजे धक्के खाणारे पोलादी पट्टे, पार बसले होते. बदलायचं नाव काढलं की हा चिडे. "कावून बदलू? म्हातारा वाकला म्हून घराभायेर काढतेत काय?" पट्टा तुटला की ओल्या चामड्याची वादी गुंडाळी, वर जवसाचं तेल पाजी. डावी बाजू खचलेली, म्हणून जाडी माणसं उजवीकडं भरी. एका लठ्ठ अडत्याला त्यानं भर रस्त्यात उठवला. "शेठजी, त्या अंगाले नोका बसू, गाडी मान टाकते." अडत्या तणतणला, "मी माणूस आहो का धोंडा?" हा म्हणाला, "धोंडा असता त बरं होतं. धोंडा बोलत नाही."

लोक अशा वेळी लोहाराला विचारतात. हा बहिणीला विचारी. म्हणजे माझ्या बायकोला. पातुरात आला की तिला मागच्या बाकावर बसवून वेशीपर्यंत फिरवून आणी. "दचके बसले काय वं बाई?" ती घाम पुशीत म्हणे, "नाही रे भाऊ, पाळण्यात बसल्यावानी वाटलं." झालं, कमानी पास. घरात आल्यावर तिची कंबर शेकायचो मी. बोलायला गेलो तर म्हणे, "त्याचं मन कावून मोडता?" सहा-सात वर्षं असंच चाललं. ती खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मग तिच्या पोटात गाठ झाली. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. अंगाला हात लावू देत नव्हती, आणि हा दारात उभा राहून विचारतो, "बाई, आपल्या गाडीनं चालन ना?" ती म्हणाली, "चालन." माझं डोकं फिरलं. "गाढवा, ते झूट बोलून राहिली! तुह्या गाडीतून उतरली का दोन दिवस तिले वाकता येत नाही." तो तिच्याकडं पाहत राहिला. "खरं काय वं?" ती भिंतीकडं तोंड करून हसली. तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो चारी कमानी नव्या घालून. वाटेत तिला झोप लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती. हा सारखा मागं वळून पाहे. मी म्हटलं, "समोर पाह्य."

ती दवाखान्यातून परत आली नाही.

आता साळा दर हंगामाआधी कमानी बदलतो. चांगल्या, टणक कमानी काढून टाकतो. परवा मी म्हटलं, "अबे, याच्यात काय बिघडलं?" त्यानं पट्ट्यावर हात फिरवला. "काय मालूम, भाऊजी. आता इचारू कोणाले?"

मी मागच्या बाकावर चढून बसलो. म्हटलं, "चालव."