पाचव्या डावातल्या मिठ्या

शुक्रवार, २९ जुलै २०११. सकाळी चर्चमध्ये मिसा. ऊन फार. परसातले टोमॅटो तडकायला लागलेत. वेसने एकच अंडं खाल्लं, दुसरं बशीत तसंच ठेवलं. न्हाणीघरातला गळका नळ आज नीट करतो म्हणाला होता, राहिलं. संध्याकाळी सामना.

एवढं लिहून लोरेटा ब्रिंकमायरने डायरी मिटली, डोक्यावर उन्हाची टोपी घातली आणि ती मैदानाकडे चालू लागली. शाळेत नन्सनी तिला शिकवलं होतं की, दिवसात घडलं ते वहीत लिहावं आणि मनातलं देवाला सांगावं. पंच्याहत्तरी उलटली तरी तिने हा नियम मोडला नव्हता. म्हणून वेस परवा रात्री जेवताना जे बोलला, ते वहीत नव्हतं. "जुलै संपेपर्यंत वरच्या कुठल्या क्लबाने उचललं नाही, मिस लोरेटा, तर मी अलाबामाला जातो. भाऊ छपरं घालतो, त्याच्या हाताखाली."

आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावाचा क्लब बेसबॉलच्या अगदी तळाच्या पायरीवर होता. खेळाडूंना राहायला जागा द्यायची क्लबाची ऐपत नव्हती, म्हणून उन्हाळाभर गावातली घरं त्यांना ठेवून घेत. नवरा गेल्यापासून लोरेटाची मागची खोली दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाला मिळे. ती त्यांचे कपडे धुवायची, त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायची. त्यातला एकही आजवर वरच्या क्लबात गेला नव्हता. वेस टॉलिव्हर तर सत्तावीस वर्षांचा. या पायरीवर हे वय म्हणजे म्हातारपणच.

"आली बघ त्या वेसची आई," तिसऱ्या रांगेतून आर्नी फोगल ओरडला. आर्नी गावाचा न्हावी होता, आता निवृत्त. कात्री ठेवली, तोंड मात्र चालूच होतं. शेजारी त्याची मेहुणी फर्न शेंगदाणे सोलत बसली होती.

"गप रे आर्नी," फर्न म्हणाली. "ये गं लोरेटा, बस."

"मी काही खोटं बोलतोय का? आपण हास दिला. हास! सोन्यासारखा पिचर, चेंडू काय टाकायचा! आणि त्या क्लबाकडून बदल्यात घेतलं काय, तर हा ओंडका. हास तिकडे सामन्यामागून सामने जिंकून देतोय, आणि आपला गडी पहिल्या बेसवर उभा राहून वारा खातोय."

"एप्रिलमध्ये होमरन मारले होते की त्याने," लोरेटा म्हणाली.

"एप्रिलमध्ये माझ्या दारात बर्फपण होता. तो कुठाय आता?"

"मग विकून टाकू दे त्याला," फर्न म्हणाली.

"विकणार कुणाला, बाई? चेंडूंचं एक खोकं नाही मिळणार त्याच्यावर. बससाठी जुनं टायर दिलं कुणी, तर मी म्हणेन देऊन टाका."

आर्नी दुष्ट नव्हता, आणि म्हणत होता ते खरंच होतं. लोरेटाला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

त्या संध्याकाळी वेसची पाळी दोनदा आली. दोन्ही वेळा तीन चेंडू, तीनदा बॅट हवेत, आणि बाद. पाचव्या डावात दोघे बेसवर उभे होते आणि पाळी पुन्हा वेसची होती. पण मॅनेजरने दुसऱ्यालाच पाठवलं.

आर्नी शेंगदाणे चावायचा थांबला.

"एऽ, थांबा. तिकडे बघा."

डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांवरून, एकेक जण उठून वेसला मिठी मारत होता. कुणी पाठीवर थापटलं, कुणी मान धरून डोकं जवळ ओढलं. जुलैच्या अखेरीस, क्लबांचे सौदे चालतात तेव्हा, चालू सामन्यात गडी बाहेर काढला आणि पोरं त्याला मिठ्या मारायला लागली, तर बेसबॉल बघणाऱ्याला कुणी काही सांगावं लागत नाही: वरच्या क्लबाचा फोन आला.

"उचलला!" आर्नी उभा राहिला. "च्यायला, उचलला त्याला!"

मागच्या रांगा उठल्या, मग सगळं मैदान उठलं. उन्हाळाभर वेसला शिव्या घालणाऱ्या आर्नीने टोपी काढून टाळ्या पिटल्या. फर्न रडत होती. वेसने डगआउटच्या पायरीवर येऊन लोकांकडे पाहिलं आणि अवघडून टोपी उचलली.

लोरेटाने पुढचा खेळ पाहिला नाही. अशा बोलावण्याला रात्रीतच निघावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. घरी येऊन तिने वेसचे शर्ट इस्त्री केले, बॅग भरली, हॅमचे सँडविच कागदात गुंडाळले आणि सगळं दाराशी नेऊन ठेवलं.

वेस आला तो दारातच थबकला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या मैदानाला कळलं, बाळा. कुठला क्लब?"

तो बॅगेकडे बघत राहिला. "क्लब नाही, मिस लोरेटा. काढून टाकलं मला. माझ्या जागी नवा माणूस येतोय. मॅनेजरने सामन्याआधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, दोनदा खेळू द्या. दिलं खेळू."

"आणि त्या मिठ्या?"

"निरोपाच्या." तो म्हणाला, "मला वाटलं, लोकपण निरोपच देतायत." मग तो कसनुसा हसला. "आता कळलं टाळ्या कशाच्या होत्या ते."

"रात्र काढ इथं. सकाळी जा."

"बॅग भरलेलीच आहे," तो म्हणाला. "निघतोच."

तो उजेड असतानाच गेला. सँडविच त्याने घेतले. नाही म्हणवलं नाही त्याला. गाडी वळेपर्यंत लोरेटा ओसरीत उभी राहिली. ती बॅग तिनेच भरली होती.

आत फोन वाजत होता.

"कुठला क्लब गं?" आर्नीच होता. "त्याला सांग, मी फार बोललो, मनात ठेवू नको म्हणावं."

"काढून टाकलं त्याला, आर्नी. भावाकडे गेला, छपरं घालायला."

मग आर्नी म्हणाला, "आणि आपण हास दिला."

लोरेटाने फोन ठेवला. देवाला काय सांगावं, ते तिला सुचेना. तिने डायरी उघडली आणि सकाळच्या ओळींखाली लिहिलं: मागच्या खोलीतली चादर आणि अभ्रे भिजत घातले. नळाखाली पातेलं ठेवलं आहे.